चिनी कंपनीची कुंडली काढायची तर

आधी कंपनीचं इंग्रजी नाव बाजूला ठेव. कायद्याच्या दृष्टीने चिनी नावच खरं. विक्रेत्याकडून व्यवसाय परवान्याची प्रत माग. त्यावरचा १८ अक्षरांकांचा क्रमांक सरकारी उद्योग नोंदणीच्या संकेतस्थळावर टाकलास की कायदेशीर प्रतिनिधी, भांडवल, दंड, सगळं समोर येतं. परवाना द्यायला टाळाटाळ झाली तर समजून जा!

चिनी कायद्यांचा मूळ मजकूर नॅशनल पीपल्स काँग्रेसच्या (चीनच्या संसदेच्या) डेटाबेसवर फुकट आहे. भाषांतर वाचताना तारीख बघच. १ जुलै २०२४ पासून सुधारित कंपनी कायदा लागू झालाय. मर्यादित कंपनीच्या भागधारकांना कबूल केलेलं भांडवल साधारणपणे ५ वर्षांत भरावं लागतं. त्याआधीचे लेख इथे दिशाभूल करतात.

कोर्टाच्या निकालांचं सरकारी संकेतस्थळही आहे, पण अलीकडे तिथे निकाल कमी चढवतात. तिथे नाव सापडलं नाही म्हणून कंपनीवर खटलाच नाही, असं धरून चालू नकोस.