प्रश्न वाचकांचे : रक्तपेढीतून फोन आला, आता पुढे?

प्रश्न : गणेशोत्सवात मंडळाच्या शिबिरात रक्त दिलं. काही दिवसांनी रक्तपेढीने बोलावून ‘एचबीएसएजी रिॲक्टिव्ह’ असल्याचं सांगितलं. वय ३४. कावीळ कधी झालेली नाही, त्रासही काही नाही. घरी आई, पत्नी आणि चार वर्षांची मुलगी. लस घेऊन टाकू का?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : ही चाचणी हिपॅटायटिस बी या यकृताच्या विषाणूची. संसर्ग झालेला असेल तर लशीचा उपयोग नाही. ती विषाणूला आत येऊ देत नाही, आत आलेल्याला बाहेर काढत नाही. मात्र आधी एक आठवून पाहा : रक्तदानाच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत हिपॅटायटिस बीची लस टोचून घेतली होती का? एचबीएसएजी म्हणजे विषाणूच्या पृष्ठभागावरचं प्रथिन. लशीत नेमकं तेच असतं, त्यामुळे काही दिवस चाचणी उगाचच पॉझिटिव्ह येऊ शकते.

तसं नसेल, तर संसर्ग नवा की जुना हे ठरवायला हवं. त्यासाठी ‘आयजीएम अँटी-एचबीसी’ ही चाचणी लागते. प्रौढपणी झालेला नवा संसर्ग शंभरातल्या पंच्याण्णव जणांच्या शरीरातून आपोआप जातो. एचबीएसएजी सहा महिन्यांनंतरही टिकून असेल, तर तो जुनाट संसर्ग. तुमच्यासारखा, काही त्रास नसताना अचानक सापडलेला, बहुतेकदा जन्माच्या वेळचा किंवा लहानपणीचा असतो. ‘नक्की कुठे गेला होतास?’ असं घरात कोणी विचारत असेल, तर हे वाक्य वाचून दाखवा.

पण सहा महिने हातावर हात ठेवून बसू नका. एचबीईएजी (विषाणूचं आणखी एक प्रथिन), एचबीव्ही डीएनए (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण), एसजीपीटी (यकृताची सूज दाखवणारी चाचणी), प्लेटलेट, सोनोग्राफी आणि जमल्यास फायब्रोस्कॅन (यकृत किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) करून घ्या. विषाणूविरोधी गोळी लागेल की नाही, हे यांतल्या एका आकड्यावर नाही, सगळे एकत्र पाहून ठरतं. डीएनए २,००० युनिटच्या खाली, एसजीपीटी सतत नॉर्मल आणि यकृत मऊ असेल, तर बहुतेकांना नुसती दर सहा महिन्यांची तपासणी पुरते. ‘तुम्ही नुसते कॅरिअर (वाहक), काही करायला नको’ हे ऐकून फाइल माळ्यावर टाकणं ही नेहमीची चूक. या आजारात सिरोसिस (यकृतावर कायमचे व्रण पडून ते कडक होणं) नसतानाही यकृताचा कॅन्सर होऊ शकतो. केंद्राच्या हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात २०१८ पासून तपासणी आणि औषधं मोफत आहेत. पालिकेच्या मोठ्या रुग्णालयात केसपेपर काढतानाच त्याची चौकशी करा.

घरातल्या तिघींचीही, आईसकट, रक्ततपासणी करा. मुलीचं लसीकरण कार्ड बघा. ज्यांना संसर्ग नाही आणि लसही झालेली नाही, त्यांना ०, १ आणि ६ महिन्यांनी डोस द्या. प्रौढांना तो दंडातच, कमरेत नाही, कारण तिथल्या चरबीत लस नीट लागू पडत नाही. मधला डोस चुकला तर पहिल्यापासून सुरुवात नको, राहिलेला घ्या. पत्नीचे डोस पूर्ण होऊन, महिन्या-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस (लशीने तयार झालेल्या संरक्षक अँटीबॉडी) १० च्या वर येईपर्यंत निरोध वापरा. ताट-वाटी वेगळी करू नका. वेगळं ठेवायचं ते ब्लेड, ब्रश, नेलकटर. सांडलेलं रक्त वाळलं तरी विषाणू सात दिवस जिवंत राहतो. ते पुसताना हातमोजे घाला आणि ती जागा एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी घेऊन धुवा.

प्रश्न : सहावा महिना आहे, एचबीएसएजी पॉझिटिव्ह आलं. बाळंतपणाला माहेरी, कणकवलीला जाणार आहे. बाळाला होईल का?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : तयारी असेल तर टाळता येतं. आत्ताच डीएनए तपासा. तो २ लाख युनिटच्या वर असेल, तर सातव्या महिन्यापासून टेनोफोविर ही विषाणूविरोधी गोळी देतात. बाळाला एका मांडीत लस आणि दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटीबॉडींचं इंजेक्शन), दोन्ही जन्मानंतर १२ तासांत मिळायला हवीत. घोडं अडतं ते इथेच : इम्युनोग्लोब्युलिन सगळीकडे ठेवलेलं नसतं, आणि रात्री दोन वाजता ते शोधायला कोणी धावू शकत नाही. डॉक्टरांशी आधीच बोला, आणून ठेवायला सांगा. २ ते ८ अंशांतच ते टिकतं, गोठलं तर वाया. लशीचे पुढचे डोस ६, १० आणि १४ आठवड्यांनी, पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरच्या एकत्रित लशीतून. अंगावर खुशाल पाजा. बाळाची तपासणी नऊ महिन्यांनंतरच करा. आधी केली तर टोचलेल्याच अँटीबॉडी दिसतात.

प्रश्न : कावीळ उतरवायला माळ घालतात, चुन्याच्या पाण्यात हात धुतात. या आजारात चालेल?
– एक वाचक, विक्रोळी

उत्तर : पावसाळ्यात दूषित पाण्यातून होणारी ‘ए’ आणि ‘ई’ कावीळ बहुधा आपोआप बरी होते आणि श्रेय माळेला जातं. ‘बी’ पाण्यातून होतच नाही, आणि डोळ्यांचा पिवळेपणा गेला म्हणून संसर्ग गेला असंही नाही. माळेने निदान इजा तरी होत नाही, काढ्यांची ती खात्री नाही. गुळवेलीमुळे यकृताला सूज आलेले रुग्ण मुंबईतल्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत.

प्रश्न : दोन वर्षं गोळी चालू आहे. डीएनए ‘नॉट डिटेक्टेड’ आला. बंद करू?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : स्वतःहून नाही. विषाणूचं मूळ पेशीच्या केंद्रकात दडून असतं, गोळी फक्त त्याची वाढ थोपवते. अचानक थांबवलं, तर काही आठवड्यांत यकृताला जोराची सूज येऊ शकते, क्वचित जिवावरही बेतते. टेनोफोविर घेत असाल तर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची चाचणी) तपासत राहा. एन्टेकॅविर ही दुसरी गोळी असेल तर ती रिकाम्या पोटी, जेवणानंतर आणि आधी दोन तास सोडून घ्या. संधिवातासाठी स्टिरॉइड किंवा केमोथेरपी सुरू व्हायची असेल, तर त्या डॉक्टरांनाही हा रिपोर्ट आधी दाखवा.