पश्चिम ऑस्ट्रेलियात जिओकेमिस्ट्री करायला येणाऱ्या एका धाकट्या मित्राला

तू तीन गोष्टी विचारल्यास. नागपूरची एम.एस्सी. आणि मँगनीजच्या खाणीतला अनुभव इथे धरतात का, थेट नोकरी शोधावी की आधी इथे शिकावं, आणि जिओकेमिस्ट्रीवर, म्हणजे खडक-मातीच्या रसायनावर, खरंच पोट भरतं का. तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करते, कारण बाकीच्या दोन्हींचं उत्तर त्यावरच ठरेल.

पोट भरतं. पण निव्वळ जिओकेमिस्ट म्हणून जागा फार थोड्या निघतात. सुरुवात एक्स्प्लोरेशन (खनिज-शोध) जिऑलॉजिस्ट म्हणूनच होते: ड्रिल रिगवर उभं राहायचं, खडकाच्या चिप्स चाळायच्या, लॉगिंग करायचं (कोणत्या खोलीवर काय आलं याची नोंद), नमुन्यांच्या पिशव्या मोजायच्या. लॅबमधून आकड्यांचा तक्ता आला की बहुतेक जण सोन्याचा रकाना पाहतात आणि फाइल बंद करतात. बाकीच्या चाळीस-पन्नास मूलद्रव्यांवरून मूळ खडक कोणता होता हे जो सांगू शकतो, त्याला टीममध्ये लगेच विचारलं जातं. तयारी करायची ती याची.

कालगुर्ली या सोन्याच्या खाणींच्या शहराच्या आसपासची जमीन यिल्गार्न क्रेटनची, म्हणजे कवचाच्या फार जुन्या, स्थिर तुकड्याची. खाली सुमारे २७० कोटी वर्षांपूर्वीचे ग्रीनस्टोन (बदललेले जुने लाव्हा खडक), वर कित्येक ठिकाणी पन्नास मीटर किंवा जास्त कुजलेला थर. ड्रिलमधून येते ती लाल, पिवळी, पांढरी माती, आणि तिच्यात बेसाल्ट कोणता नि ग्रॅनाइट कोणता हे डोळ्यांना कळत नाही. सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम केव्हाच धुऊन गेलेले असतात. टायटॅनियम आणि झिर्कोनियम मात्र सहसा जागा सोडत नाहीत. म्हणून टायटॅनियम भागिले झिर्कोनियम हे गुणोत्तर बघायचं: बेसाल्टच्या मातीत ते साधारण साठ ते शंभरच्या घरात, ग्रॅनाइटच्या मातीत बरेचदा वीसच्याही खाली. जोडीला क्रोमियम भरपूर असेल तर खाली कोमाटिआइटसारखा अतिमॅग्नेशियमी खडक असण्याची शक्यता वाढते.

हे तुला परकं नाही. सह्याद्रीत बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर हे लाव्हाचे थर डोळ्यांना जवळजवळ सारखेच काळे दिसतात, आणि ते वेगळे ओळखले गेले ते मुख्यतः रसायनावरून. बुशेच्या लाव्हात वर येताना मिसळलेल्या भूकवचाची भेसळ सर्वांत जास्त, आंबेनळीत सर्वांत कमी. दख्खनचा बेसाल्ट शिकलास म्हणजे निम्मी पद्धत तुझ्याकडे आहेच. मुलाखतीत हे ठासून सांग. आपली मुलं हे सांगतच नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

आता सोन्याचं. कालगुर्लीला सोनं १८९३ मध्ये सापडलं, आणि गोल्डन माइल या पट्ट्यातलं बरंचसं सोनं एका डोलेराइटमध्ये (बेसाल्टच्याच जातीच्या, जमिनीखाली थिजलेल्या खडकात) आहे. त्यातही लोह जास्त असलेला थर अधिक श्रीमंत. गरम द्रावात सोनं गंधकाला धरून प्रवास करतं. वाटेत लोहसमृद्ध खडक भेटला की लोह ते गंधक ओढून घेतं, पायराइट (लोह-गंधकाचं खनिज) बनतं आणि सोन्याचा आधार सुटून ते तिथेच बसतं. म्हणजे कोणत्या खडकात लोह मॅग्नेशियमच्या मानाने जास्त आहे हे आधी कळलं, तर ड्रिल कुठे लावायचा हे बरंचसं ठरतं. मग द्रावाच्या पाऊलखुणा: पोटॅशियमचं ॲल्युमिनियमशी गुणोत्तर चढतं, सोडियमचं उतरतं, आर्सेनिक, अँटिमनी, टेल्युरियम, टंगस्टन डोकं वर काढतात. सोनं नसलेल्या बोअरमध्येही (ड्रिलच्या भोकातही) या खुणा सापडतात, आणि पुढचा बोअर कुठे घ्यायचा हे त्या सांगतात. माझ्या लेखी या कामातला सगळ्यात सुंदर भाग हाच.

निकेलचा आकडा मोठा दिसला तरी घाई नको. ऑलिव्हिन या मॅग्नेशियमी खनिजात मुळातच निकेल असतं, आणि खडक कुजताना ते आणखी साठतं. कालगुर्लीजवळच्या कांबाल्डाला १९६६ मध्ये सापडलेलं निकेल मात्र सल्फाइडचं, म्हणजे गंधकाशी जोडलेलं, होतं. तसं काही आहे की नाही हे सोबतचं तांबं, प्लॅटिनम आणि पॅलेडियम सांगतात.

लॅबकडे नमुना पाठवताना कोणती पद्धत निवडली हे लक्षात ठेव. चार आम्लांतही झिर्कॉन (झिर्कोनियमचं खनिज) पूर्ण विरघळत नाही, म्हणून झिर्कोनियम कमी येऊ शकतं. स्पोड्युमिन या खनिजातल्या लिथियमसाठी सोडियम पेरॉक्साइडचं फ्युजन (त्याच्यासोबत वितळवणं) लागतं, आणि हातातल्या एक्सआरएफ बंदुकीला (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्राला) लिथियम दिसतच नाही. स्टँडर्ड (माहीत असलेल्या आकड्याचा नमुना), ब्लँक (रिकामा नमुना) आणि डुप्लिकेट (दुसरी प्रत) यांचे निकाल आधी तपास, मगच नकाशा काढ.

मार्गाबद्दल. जिऑलॉजिस्टच्या पात्रतेची तपासणी व्हेटॅसेस ही संस्था करते. तुझा खाणीतला अनुभव तिथे कागदावर सिद्ध करावा लागतो, म्हणून कामाचं सविस्तर पत्र नोकरी सोडण्याआधीच घे. व्हिसाच्या याद्या बदलत राहतात, त्या सरकारी संकेतस्थळावरच वाच, एजंटच्या तोंडून नको. माझं मत विचारशील तर घरी कर्ज होणार नसेल तरच मास्टर्स कर. पर्थचं यूडब्ल्यूए (युनिव्हर्सिटी ऑफ वेस्टर्न ऑस्ट्रेलिया), कालगुर्लीचं स्कूल ऑफ माइन्स आणि होबार्टचं कोड्स (टास्मानिया विद्यापीठाचं खनिज-संशोधन केंद्र) ही तिन्ही ठिकाणं या विषयात भक्कम आहेत. कर्ज होणार असेल तर आधी भारतातच, हट्टीसारख्या धारवाडच्या ग्रीनस्टोन पट्ट्यात, सोन्याचा अनुभव मिळतो का बघ. तिथला खडक इथल्याला खूप जवळचा आहे.

बाजाराची लाट इथे निर्दयी असते. निकेलचे भाव पडले आणि २०२४ मध्ये मोठमोठ्या निकेल खाणी थांबल्या, माणसं घरी बसली. म्हणून एकाच धातूला चिकटू नकोस. आठ दिवस साइटवर आणि सहा दिवस घरी, किंवा दोन आठवडे काम आणि एक आठवडा सुट्टी, असे रोस्टर (कामाच्या पाळ्या) असतात. लग्न ठरत असेल तर समोरच्या घरी हे आधीच स्पष्ट सांग. पर्थमध्ये मराठी माणसं भेटतील, साइटवर बहुधा तू एकटाच असशील.

येण्याआधी एक काम मात्र नक्की कर. वॅमेक्स या सरकारी संग्रहात कंपन्यांचे जुने शोध-अहवाल ठरावीक काळानंतर खुले होतात, फुकट. कालगुर्लीजवळचा एखादा प्रकल्प निवड, बोअरच्या तळाच्या नमुन्यांचे आकडे घे, टायटॅनियम-झिर्कोनियम आणि क्रोमियमवरून खडकांचा नकाशा काढ आणि तो कंपनीच्या लॉगशी ताडून बघ. जिथे जमत नाही त्या जागांची यादी कर. ती यादी आणि नकाशा मला पाठव. अर्जासोबत काय जोडायचं ते आपण त्यावरून ठरवू.