मे महिन्याच्या सुट्टीत शिक्षकांनी स्वतःच्या लेखनासाठी वेळ कसा काढावा?

ताई, निकाल लागला की लिहायला बसू असं तुम्ही दरवर्षी ठरवता आणि शाळा उघडायची वेळ आली तरी वहीत दोन पानंही होत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझी पहिली काही वर्षं अशीच गेली.

वेळ कमी असतोच. १ मेला झेंडावंदन आणि निकाल, मग एखादं प्रशिक्षण, मतदार यादीचं काम असेल तर तेही. घरी लग्नसराई, वाळवणं, आपली मुलं. पण मला जास्त नडली ती भाषा. वर्षभर आपण लिहीतच असतो. टाचण, पोषण आहाराचा हिशेब, आणि वर्णनात्मक नोंदी. 'प्रकट वाचन स्पष्ट उच्चारात करतो.' 'उपस्थितीत सातत्य हवे.' चाळीस मुलांसाठी अशी वाक्यं लिहून झाली की साधी आठवण लिहायला बसलं तरी तोच सूर लागतो.

म्हणून माझी सुट्टी त्या नोंदींपासूनच सुरू होते. जी नोंद लिहिताना मनाला खटकलं, त्या मुलाबद्दल खरं काय ते लिहायचं. आमच्याकडे ऊसतोडीला गेलेली कुटुंबं मार्च-एप्रिलात परततात. त्यांतल्या तिसरीच्या एका मुलासमोर मी 'उपस्थितीत सातत्य हवे' असं लिहिलं होतं. आई-बाप अंधारात फडावर गेले की कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, धाकट्या बहिणीला तो कसं सांभाळायचा, ती रडू लागली की तिला काय काय दाखवायचा, हे त्यानं मला सांगितलं होतं. नोंदीत त्याला जागाच नव्हती. त्या मे महिन्यात अकरा दिवस सकाळी बसून त्याच्यावर साडेतीन पानं झाली. मला मनापासून आवडलेलं माझं पहिलं लेखन तेच. (नाव, गाव जरूर बदला. लेकरं आपल्याला विश्वासानं सांगतात.)

माझी वेळ पहाटे साडेपाच ते साडेसहा, गच्चीवर. फोन खालीच. आमच्याकडचं ऊन असं, की दहानंतर डोकं चालत नाही. 'दुपारी सगळे झोपले की लिहीन' असं म्हणून ठेवलेलं माझ्याच्यानं एकदाही झालं नाही. सासूबाईंना आधी हे पटत नव्हतं. एकदा त्यांना ती साडेतीन पानं वाचून दाखवली. तेव्हापासून कुरडयांचा चीक शिजवायचा असला तरी त्या मला साडेसहानंतरच हाक मारतात. घरच्यांना वाचून दाखवा, एवढं मी आग्रहानं सांगेन.

आणि मे महिन्यातच का, तर बरेच दिवाळी अंक साधारण जून ते ऑगस्टमध्ये साहित्य मागवतात. कच्चा खर्डा हाताशी असला तर शाळा सुरू झाल्यावर तो नीट करायला रविवार पुरतात, कोरं पान भरायला मात्र पुरत नाहीत. तुम्ही विदर्भात असाल तर उन्हामुळे शाळा जूनअखेर उघडतात, म्हणजे हातात थोडे दिवस जास्तच.

यंदा नोंदी भरताना ज्या मुलापाशी पेन अडखळेल, त्याचा हजेरी क्रमांक नव्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. २ मेला पहाटे तिथूनच सुरुवात करा.