वाचकांचे प्रश्न : स्क्रिप्ट आणि परवाना

प्रश्न : कणकुंबीपासून खानापूरपर्यंतच्या मलप्रभा खोऱ्याचा उतार दाखवणारा नकाशा मी ‘आर्कजीआयएस प्रो’ या नकाशे करण्याच्या सशुल्क प्रोग्राममध्ये करतो आहे. त्यातल्या पायथन विंडोत माझी स्क्रिप्ट (पायथन भाषेतल्या आज्ञांची यादी) चालते. परंतु रात्री विंडोजच्या टास्क शेड्यूलरने (ठरल्या वेळी काम आपोआप सुरू करणारी सोय) चालवली, की ‘इम्पोर्ट आर्कपाय’ या ओळीवरच ‘नॉटइनिशियलाइज्ड’ अशी चूक येते. कोड चुकला आहे का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : कोडला हात लावू नका. आर्कपाय, म्हणजे पायथनमधून या प्रोग्रामची साधने वापरू देणारा संच, आयात होतानाच परवाना शोधते. प्रोग्राम उघडा असताना तुम्ही साइन-इन केलेले असता, म्हणून तो मिळतो, आणि रात्री मिळत नाही. साइन-इन करताना ‘साइन मी इन ऑटोमॅटिकली’ हा पर्याय निवडावा आणि शेड्यूलरमधील काम विंडोजच्या त्याच खात्यावरून चालेल असे पाहावे. पावसाळ्यात कणकुंबीकडे इंटरनेटचा भरवसा धरू नये, हे तुम्हाला सांगायला नकोच; तेव्हा परवाना आधीच ऑफलाइन वापरासाठी घेऊन ठेवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. मात्र तो परत करेपर्यंत दुसऱ्या संगणकावर वापरता येत नाही.

पुढची अडचण ‘०००८२४’ (साधनाचा परवाना नाही) या क्रमांकाने येऊ शकते. उतार काढणाऱ्या ‘स्लोप’ साधनाला स्पेशियल अॅनालिस्ट किंवा थ्रीडी अॅनालिस्ट हे एक्स्टेन्शन (प्रोग्रामचा जोडभाग) लागते. त्यामुळे त्याचा परवाना उपलब्ध आहे का हे विचारणाऱ्या ‘चेकएक्स्टेन्शन’ आज्ञेचे उत्तर ‘अव्हेलेबल’ आले तरच तो घेण्यासाठी ‘चेकआउटएक्स्टेन्शन’ करावे आणि परवाना सामायिक असल्यास काम संपताच ‘चेकइनएक्स्टेन्शन’ने तो सोडावा, कारण तोवर सहकारी खोळंबून राहतो. परवान्याचा खर्च झेपत नसेल, तर हाच उतार मोफत ‘क्यूजीआयएस’मध्येही काढता येतो.