मक्केच्या कुरैश टोळीने मुहंमद पैगंबरांना विरोध केला, मग सुरुवातीलाच मारलं का नाही?

कारण तिथे ना राजा होता, ना कोर्टकचेरी. माणसाला कवच फक्त कुळाचं. एकाला हात लावला की अख्खं कुळ सूड घ्यायला उभं. विरोध नुसत्या मूर्तिपूजेवरच्या टीकेमुळे नव्हता. काब्याच्या, म्हणजे मक्केतल्या पवित्र वास्तूच्या, यात्रेवर कुरैशांचा मान आणि व्यापार चालायचा, तो धोक्यात आला. म्हणून आधी पैगंबरांच्या बनू हाशिम कुळाला वाळीत टाकलं: सोयरीक बंद, सौदे बंद. कुळप्रमुख काका अबू तालिब मात्र हटले नाहीत. (ते शेवटी मुसलमान झाले का, यावर शिया-सुन्नींत आजही वाद आहे.) साधारण ६१९ मध्ये ते वारले. पुढचा प्रमुख अबू लहब, तोही काकाच. पण परंपरेनुसार त्याने संरक्षण काढून घेतलं. ६२२ मध्ये पैगंबर यस्रिबला, म्हणजे आजच्या मदिनेला गेले.