तोकाय घ्यायची तर कुठली? बुडापेस्टला जाणाऱ्यांसाठी

तोकाय म्हणजे हंगेरीची, गोडीसाठी प्रसिद्ध वाईन. तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात, हिच्यात वरून साखर घालतात का आणि लेबलवरचा ५ किंवा ६ आकडा कसला. साखर अजिबात घालत नाहीत. तोकाय भागात बोद्रोग आणि तिसा या दोन नद्या मिळतात, शरदात सकाळी दाट धुकं आणि दुपारी ऊन, त्यामुळे फुरमिंट, हार्शलेव्हेलू वगैरे द्राक्षांवर बोट्रायटिस नावाची बुरशी येते, ती साल पोखरते, पाणी उडून जातं, आणि मणी आक्रसून मनुक्यासारखा होतो पण आंबटपणा शाबूत राहतो. असे मणी म्हणजे आसू. एकाच घडातले सगळे एकदम तयार होत नाहीत म्हणून माणसं तोच मळा परत परत फिरून एकेक मणी हाताने वेचतात, महागाईचं खरं कारण हेच.

मग हे मणी ताज्या रसात किंवा वाईनमध्ये भिजत घालून पिळतात. पूर्वी १३६ लिटरच्या पिंपाला पाठीवरच्या किती टोपल्या आसू घातले त्यावरून पुत्तोन्योशचा, म्हणजे लेबलवरचा तो ५ किंवा ६, आकडा ठरायचा, आता साखर मोजतात. ५ म्हणजे लिटरला किमान १२० ग्रॅम, ६ म्हणजे १५०. ३ आणि ४ वाले २०१३ पासून बंद झाले, दुकानात दिसले तर जुना माल समजा.

एसेन्सिया नावाचा प्रकार मात्र पहिल्यांदाच जाताय तर घेऊ नका. न दाबता, मण्यांच्या स्वतःच्या वजनाने गळलेला रस तो, लिटरला किमान ४५० ग्रॅम साखर, इतकी की यीस्टलाही झेपत नाही, वर्षानुवर्षं संथ आंबत राहतो आणि अल्कोहोल जेमतेम, चमच्याने चाटायचा पाक आहे तो आणि किंमत बघून डोळे पांढरे होतात.

माझं मत विचाराल तर एक ५ पुत्तोन्योश आणि एक सामोरोद्नी घ्या. सामोरोद्नीत आसू वेगळे वेचत नाहीत, अख्खे घडच पिळतात, म्हणून स्वस्त, आणि लोक उगाच तिच्याकडे दुर्लक्ष करतात. फक्त लेबलवर 'एदेश' (édes), म्हणजे गोड, बघा, 'साराझ' (száraz) असेल तर ती कोरडी, गोडाच्या अपेक्षेने उघडलीत तर तोंड वाकडं होईल.

बाटली अर्ध्या लिटरची असते, भारतात परत येताना माणशी २ लिटर ड्युटी फ्री चालते, म्हणजे चार बसतात. प्यायची थंड करून, सोबत ब्लू चीज. गुलाबजामबरोबर नको हो, गोडावर गोड झालं की तिचा आंबटपणा कळतच नाही.