सुईवरचा स्वेटर कुणाचा?

ताई, नमस्कार.

मी चाळिशीतली, नोकरी करणारी बाई. विणकाम आणि क्रोशा आईकडून शिकले. मधली बरीच वर्षं सगळं सुटलं होतं, अलीकडे पुन्हा सुया हातात घेतल्या आणि झपाटल्यासारखी विणत सुटले. मोठ्या जाऊबाईंना शुद्ध लोकरीचा राखाडी स्वेटर केला, बहिणीच्या बाळाला क्रोशाचं पांघरूण, भाच्याला टोपी आणि मफलर. जाऊबाईंनी स्वेटर मशीनमध्ये गरम पाण्यात टाकला. तो आता लहान मुलीला होईल एवढासा झालाय. हे त्यांनी फोनवर हसत हसत सांगितलं. बहिणीने पांघरूण कपाटात ठेवून दिलंय, "खराब होईल गं" म्हणते. मफलर कुठे गेला ते भाच्यालाही माहीत नाही.

आता पहिल्यांदाच स्वतःसाठी काहीतरी घेतलंय, मरून रंगाचं कार्डिगन. पाठ पूर्ण झाली, पुढचा एक भाग होत आलाय. परवा धाकटी नणंद आली होती. सुईवरचं काम बघून सगळ्यांदेखत म्हणाली, "वहिनी, हे माझ्यासाठीच ना? मरून म्हणजे माझा रंग!" मी नुसती हसले. सगळ्यांनी ते 'हो' धरलं. त्या दिवसापासून लोकरीची पिशवी उघडावीशी वाटत नाही. एका स्वेटरवरून एवढं मनाला लावून घेणं हा कोतेपणा आहे का? देऊन टाकू का तिला?

– एक विणणारी

*

प्रिय मैत्रिणी,

देऊ नकोस. कार्डिगन तुझं आहे, तूच पूर्ण कर आणि तूच घाल.

कोतेपणाचा प्रश्नही मनातून काढून टाक. न विणणाऱ्याला स्वेटर दिसतो, त्यातले टाके दिसत नाहीत. मध्यम जाडीच्या लोकरीत १० सेंटिमीटरला साधारण २२ टाके आणि ३० ओळी बसतात. म्हणजे ५० सेंटिमीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर लांब अशी नुसती पाठ धरली तरी ११० टाके आणि १८० ओळी, एकूण १९,८०० टाके. मध्ये चुकलं, उसवलं, पुन्हा घातलं ते यात धरलेलं नाही. आणि हे सगळं नोकरी आणि घर आवरून उरलेल्या वेळात. एवढं काम कुणी सहज बोलता बोलता आपलं म्हणून टाकलं तर वाईट वाटणारच.

पण तुझ्या पत्रात चार वेगळी माणसं आहेत आणि रागाच्या भरात तू त्यांना एकाच माळेत ओवलंयस. तसं करू नकोस. प्रत्येकाची गोष्ट निराळी आहे.

जाऊबाईंचं आधी. मेंढीच्या लोकरीच्या प्रत्येक तंतूवर छपरावरच्या कौलांसारखे बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळण एकत्र आली की हे खवले एकमेकांत अडकतात, तंतू जवळ ओढले जातात आणि मग सुटत नाहीत. कापड आटतं, जाड होतं, टाके दिसेनासे होतात. विणणारीला हे पाठ असतं. ज्यांनी जन्मभर मशीनमध्ये चालणारे तयार स्वेटर वापरले त्यांना ते कुठून कळणार? स्वेटरबरोबर धुण्याची चिठ्ठी दिली होतीस का? पत्रात तसा उल्लेख नाही म्हणून विचारते. गार पाणी, सौम्य साबण, पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपायचं, आडवा पसरून वाळवायचा: एवढ्या ओळी कागदावर लिहून घडीत ठेवल्या असत्या तर कदाचित तो स्वेटर आज त्यांच्या अंगात असता.

त्या हसल्या याचाही तू एकच अर्थ लावलायस. मोठ्या जावेने धाकटीला 'माझ्या हातून तुझा स्वेटर गेला' असं सांगणं सोपं नसतं, आणि ओशाळलेलं माणूस पुष्कळदा हसूनच बोलतं. त्यांनी लपवलं नाही, आपण होऊन सांगितलं, हे मी त्यांच्या बाजूने धरते. आणि तो स्वेटर त्यांना टाकू देऊ नकोस, मागून घे. एवढा आटला असेल तर त्याचा नमदा, म्हणजे तंतू गच्च चिकटून बनलेलं जाड कापड, झालेला असणार, आणि नमदा झालेलं विणकाम कात्रीने कापलं तरी उसवत नाही. आधी बाहीच्या टोकाला थोडं कापून खात्री कर. कडा सुटत नसेल तर पाठीच्या भागातून गरम पाण्याच्या पिशवीला कव्हर होईल, बाहीतून चष्म्याचं घर. ते करून त्यांनाच दे. पुढे कधी त्यांच्यासाठी विणलंस तर सुपरवॉश लोकर घे, तिच्यावर प्रक्रिया केलेली असते म्हणून ती मशीनमध्ये अशी आटत नाही. नाहीतर अ‍ॅक्रिलिक. अ‍ॅक्रिलिकवर मात्र गरम इस्त्री फिरली की ते कायमचं लुळं पडतं, तेवढं चिठ्ठीत घाल.

बहिणीवर तर तू उगाचच रुसलीस. खराब होईल म्हणून जपून ठेवणाऱ्या माणसाला त्या पांघरुणाची किंमत नक्की कळलेली असते. मोजे विणायचं यंत्र इंग्लंडमध्ये १५८९ सालीच निघालं होतं, पण क्रोशाची वीण हुबेहूब काढणारं यंत्र आजही बाजारात नाही. त्या पांघरुणातला साखळीचा आणि खांबाचा प्रत्येक टाका तुझ्या बोटांतून गेलाय, हे तिला ठाऊक आहे. तिला भीती वाटतेय ती मोडायला हवी, आणि ते तूच करू शकतेस. "वापर गं, फाटलं तर मी नीट करून देईन" एवढं तोंडाने सांग आणि उरलेल्या धाग्याचा छोटा गुंडा दुरुस्तीसाठी बाजूला ठेव. पांघरूण लोकरीचं असेल तर कपाटात पडून त्याला कसर लागायची भीती जास्त, हेही सांग. एक गोष्ट मात्र मोठी बहीण म्हणून बजावते. बाळ वर्षाच्या आतलं असेल तर झोपेत त्याच्या अंगावर सुटं पांघरूण घालू नये असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. जागेपणी, मांडीवर, कुणाचं लक्ष असताना खुशाल वापरावं. शिवाय क्रोशाच्या भोकांत बाळाची बोटं अडकतात, म्हणून लहानग्यांसाठी वीण दाट घ्यावी.

भाच्याचा मफलर विसरून जा. त्या वयात मफलरच काय, छत्र्या आणि डबेही हरवतात.

या तिन्ही भेटींमागची एक गोष्ट मला खटकली. तिघांपैकी कुणालाच तू आधी विचारलं नव्हतंस. पत्रात कुठेच 'त्यांना हवा होता' असं येत नाही. हाताने विणलेल्या वस्तूच्या बाबतीत मला अचानक दिलेल्या भेटीची हौस अजिबात पटत नाही. विकतची वस्तू आवडली नाही तर बदलून घेता येते, तुझे इतके दिवस कुणी बदलून देऊ शकत नाही. म्हणून टाके घालायच्या आधी विचार: हवंय का? कोणते रंग घालता? धुलाई हाताने की मशीनमध्ये? लोकर अंगाला टोचते का? टोचणं हे नखरे नसतात. साधारण ३० मायक्रॉनहून (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतूंची टोकं कातडीत खरोखर रुततात, कुणाला ती जास्त जाणवतात, कुणाला कमी. अशा माणसाला बारीक तंतूंची मेरिनो किंवा सुती धागा चालेल, पण सुती स्वेटर जड होतो आणि वापरून ओघळतो, हे गृहीत धरून वीण घट्ट ठेव. मापही अंदाजाने घेऊ नये. त्यांच्या नेहमीच्या आवडीचा स्वेटर आडवा पसरून टेपने मोजावा, त्यातून तो किती सैल आवडतो तेही कळतं.

विचारल्यावर समोरची व्यक्ती "नको, मी लोकरीचं घालत नाही" म्हणाली तर तो अपमान समजू नकोस. तिने तुझे कित्येक आठवडे वाचवले.

आणि द्यायचं ठरवलंस तर दिल्यावर मागे चौकशी करू नये. घालतेस का, कुठे ठेवलास, फोटो का नाही पाठवला, असल्या प्रश्नांनी घेणाऱ्याला भेट ओझं होते. मला कळतं, विणणारीला हे जड जातं. म्हणूनच कुणासाठी विणायचं ही निवड आधी, अगदी कडक करावी. जे लोक घालतात, जपतात, काखेत उसवलं तर घेऊन येतात, त्यांच्यासाठी पुन्हा पुन्हा विण. बाकीच्यांना दुसरं काहीही दे, प्रेम कमी होत नाही.

आता नणंद. तिने विचारलं, तू हसलीस, लोकांनी 'हो' समजलं. तू 'हो' म्हटलेलं नाहीस. पण गप्प बसलीस तर पुढच्या भेटीपर्यंत ते पक्कं होईल, आणि तेव्हा नकार दिलास तर दिलेला शब्द फिरवल्यासारखा होईल. म्हणून या आठवड्यातच फोन कर. चारचौघांत नको, नवऱ्याच्या तोंडून तर मुळीच नको. दोघीच बोला.

मापाची सबब पुढे करायचा मोह तुला होईल. ती सबब खरीही आहे. कार्डिगन तुझ्या मापाने घेतलंय. तिची छाती तुझ्याहून १० सेंटिमीटर जास्त भरली तर मघाच्याच हिशेबाने घेरात २२ टाके कमी पडतील, त्यातले निम्मे पाठीत, म्हणजे झालेली पाठ मुळापासून उसवावी लागेल. पण ही सबब सांगू नकोस. ती म्हणेल, "चालेल वहिनी, मी बटणं न लावता घालीन," आणि तू पुन्हा अडकशील. खरं कारण सांग. असं काहीतरी म्हण: "परवा तू कार्डिगनबद्दल विचारलंस तेव्हा मी काही बोलले नाही. ते मी माझ्यासाठी विणतेय. इतके दिवस सगळ्यांसाठीच केलं, हे पहिलंच माझं आहे. तुला रंग आवडला याचा आनंद झाला." एवढ्यावर थांब. लगेच घाबरून "पुढचं तुझंच" असं बोलून बसू नकोस. नकार दिल्यावर आपल्याला जी अस्वस्थता येते ती घालवायला आपण नवीन कामं अंगावर घेतो, आणि मग तेच रडगाणं पुन्हा सुरू होतं.

ती थोडी हिरमुसेल, कदाचित म्हणेल, "मी तर गंमत केली होती." म्हणू दे. गंमत असेल तर प्रश्नच मिटला. आणि तिच्यासाठी खरोखर काही करावंसं वाटलं, आतून वाटलं, तर कार्डिगन पूर्ण झाल्यावर तिला विचार. मरून रंगाची टोपी किंवा बोटं उघडी राहणारे हातमोजे थोड्या लोकरीत, थोड्या दिवसांत होतात. ती ते घालते की नाही हे बघूनच स्वेटरचा विचार कर. ही परीक्षा घेणं नव्हे, तुला सगळ्यांचे स्वेटर विणणं शक्यच नाही, इतकंच.

स्वतःसाठी विणण्यात एक मोठा फायदा आहे जो भेटीच्या विणकामात मिळत नाही: कधीही अंगाला लावून बघता येतं. तुझी पाठ तयार आहेच, ती आज आरशासमोर खांद्यावर धरून बघ. काखेत ओढतंय का, लांबी कमरेला नको तिथे संपतेय का, हे आताच कळलं तर पुढच्या भागात सुधारता येईल आणि पाठीच्या चार ओळी उसवणंही फार नाही. उरलेल्या गुंड्यांच्या पट्ट्यांवरचा लॉट नंबर, म्हणजे एकदम रंगवलेल्या लोकरीचा क्रमांक, एकच आहे ना तेही बघ. वेगळ्या लॉटचा मरून हातात सारखा दिसतो, अंगावर पट्टा उमटतो. नंबर वेगळा निघाला तर दोन्ही गुंडे आलटून पालटून दोन-दोन ओळी विण, फरक मिसळून जातो.

बाह्या एकामागून एक करू नकोस. लांब गोल सुईवर (दोन टोकं लवचिक दोरीने जोडलेली सुई) दोन गुंड्यांनी दोन्ही एकदम घे. टाके एकाच ओळीला कमी होतात, लांबी आपोआप जुळते आणि दुसऱ्या बाहीचा कंटाळा येतो तो येत नाही. बटणं अगदी शेवटी घे. विणलेलं काज वापराने सैल पडतं, म्हणून पट्टी झाल्यावर कार्डिगन बरोबर नेऊन, काजातून जरासं ओढूनच जाईल असं बटण निवड.

तुझी,
ताई